जुनी काया, नवं इंजिन

ज्यांचं बालपण अ‍ॅम्बेसेडरच्या मागच्या सीटवर गेलं त्यांना बहुधा कुणी सांगितलं नसेल, पण ते एका ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनामागे बसूनच मोठे झाले. हिंदुस्तान मोटर्सने १९५९ पासून अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसवलेलं १,४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ घराण्यातलं होतं. त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन १९५५ साली एमजीए नावाच्या दोन सीटच्या उघड्या गाडीत होतं. एमजीएला दोन कार्बोरेटर होते, गाडी हलकी होती आणि रस्त्याला चिकटून बसलेली होती. बाकी बिडाचा ब्लॉक, पुशरॉड आणि खालच्या फिरकीला दमदार ओढ देणारा स्वभाव तोच. पुढे १९६२ साली एमजीबी आली तेव्हा हे इंजिन वाढून १,७९८ सीसीचं झालं होतं. लग्नाचं वऱ्हाड, कलेक्टरसाहेबांचा दौरा आणि ऑक्सफर्डजवळच्या गल्लीबोळांतून रविवारी टप उघडून निघालेलं तरुण जोडपं, या सगळ्यांना एकाच घराण्याच्या इंजिनांनी ओढून नेलं.

म्हणजे इंजिन आणि गाडी यांची गाठ काही ब्रह्मदेवाने मारलेली नसते. ती कारखान्यात मारली जाते, कधी हिशेबाने, कधी नाइलाजाने, आणि म्हणूनच ती सोडून पुन्हा मारता येते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार गंजलेल्या पत्र्यापासून पुन्हा उभी करायची आणि मूळच्या इंजिनाऐवजी तिच्यात अधिक ताकदीचं इंजिन बसवायचं, हा उद्योग आज जगभर चालतो. इंग्रजीत त्याला ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. मराठीतही तोच शब्द रुळेल असं दिसतं. या संग्रहातले सगळे लेख या उद्योगाविषयी आहेत. मराठीत मोटारींवर लिहिलं जातं ते नव्या मॉडेलची ओळख म्हणून, नाहीतर आठवणींच्या अंगाने. गाडी खोलून पुन्हा बांधण्याच्या कामाबद्दल सलग आणि मन लावून लिहिलेलं फारसं हाती लागत नाही. ती उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून हे पुस्तक.

इंजिन बदललं की गाडीचा इतिहास बाटतो, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, आणि याला कारणही इतिहासच आहे. स्पोर्ट्स कार जन्माला आली तीच मुळी उसन्या इंजिनांवर. एमजी हे नावच मॉरिस गॅरेजेसचं. ऑक्सफर्डच्या त्या विक्री-दुरुस्तीच्या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किम्बर १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्या घेई, त्यांना हलकी बॉडी चढवी, स्प्रिंगा आणि स्टिअरिंग सुधारी, इंजिन तयार करून घेई आणि विके. दुसऱ्या महायुद्धानंतर सिडनी अलार्डने लंडनमध्ये स्वतःच्या चेसिसवर अमेरिकन व्ही-८ इंजिनं बसवली. कॅडिलॅकचं इंजिन असलेली त्याची गाडी १९५० च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिसरी आली. तिकडे कॅलिफोर्नियात तरण्याताठ्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून, त्यांत मोठी इंजिनं घालून कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर वेग मोजायला युद्धाआधीच सुरुवात केली होती; हॉट रॉड ही परंपरा तिथली. तिचा पसारा एवढा मोठा आहे की तिच्यावर वेगळंच पुस्तक व्हावं. इथे तिला ओझरतंच स्थान दिलं आहे.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण एसी कोब्राचं. टेम्सकाठच्या टेम्स डिटन गावात एसी कंपनी ‘एस’ नावाची देखणी, हलकी गाडी बनवत होती. तिच्यात ब्रिस्टलचं सहा सिलिंडरचं इंजिन असे, आणि त्या इंजिनाचं मूळ युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यू ३२८ मध्ये. १९६१ च्या सुमारास ब्रिस्टलने ते बनवणं थांबवलं. कॅरल शेल्बी या टेक्सासच्या शर्यतपटूने संधी साधली, आणि १९६२ साली फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ त्या चेसिसमध्ये बसलं. लवकरच ते ४.७ लिटरचं झालं. इथवर मूळ चेसिसने साथ दिली. पण १९६५ साली त्याच गाडीत सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा चेसिसच्या मुख्य नळ्या तीन इंचांवरून चार इंचांच्या कराव्या लागल्या, पाटे काढून कॉइल स्प्रिंगा द्याव्या लागल्या आणि बॉडीही फुगवावी लागली. या एका वंशावळीत रेस्टोमॉडचं सगळं शास्त्र सामावलं आहे. गाडीत नुसती ताकद ओतता येत नाही. ती पेलायला बाकी सगळं बदलावं लागतं, आणि ते किती बदलायचं हे ज्याला उमगलं त्याचीच गाडी चांगली होते.

कोब्राच्याच काळातली सनबीम टायगर आज तितकीशी आठवली जात नाही. सौम्य स्वभावाच्या सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचं व्ही-८ कोंबून ती १९६४ मध्ये विक्रीला आली. कोंबून हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इंजिनाच्या खोलीत जागा इतकी कमी की एक स्पार्क प्लग बॉनेट उघडून हाती लागतच नसे. गाडीत बसून, पायांकडच्या पडद्याला ठेवलेल्या भोकातलं रबरी बूच काढून तिथून पाना घालावा लागे. पुढे सनबीम बनवणारी रूट्स कंपनी क्रायसलरच्या ताब्यात गेली, फोर्डचं इंजिन वापरणं नव्या मालकांना रुचेना, त्यांचं स्वतःचं व्ही-८ त्या जागेत मावेना, आणि १९६७ साली टायगर बंद पडली.

या संग्रहाचा मोठा भाग एमजीबीने व्यापला आहे. गाडी घराघरांतली होती म्हणून नव्हे, जरी १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. इंजिन बदलण्याचे सगळे प्रकार, सगळ्या चुका आणि सगळी यशं एकाच गाडीत बघायची तर एमजीबीइतकी सोयीची दुसरी गाडी नाही. १९६७ साली कंपनीने स्वतःच तिच्यात तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून एमजीसी काढली. ते इंजिन मूळच्यापेक्षा जवळपास ९५ किलो जड होतं, आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर. त्याला जागा करून देण्यासाठी पुढचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बारचं करावं लागलं, बॉनेटवर फुगवटा आला. कागदावर गाडी वेगवान होती. वळणावर मात्र नाक सरळ जायला बघे. समीक्षकांनी तिला झोडपलं आणि दोनच वर्षांत ती बंद झाली.

मग आला केन कॉस्टेलो. मिनी गाड्यांच्या शर्यतींत नाव काढलेल्या या माणसाने १९७० च्या सुमारास एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवायला सुरुवात केली. या इंजिनाची जन्मकथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते मुळात अमेरिकेतल्या ब्यूइकचं. १९६१ मध्ये त्यांनी ते सबंध अ‍ॅल्युमिनियमचं बनवलं. पण अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम महाग पडे आणि त्यात दोषही राहत, तेव्हा बिडाच्या ब्लॉकची नवी पद्धत स्वस्त झाल्याबरोबर १९६३ मध्ये ब्यूइकने ते सोडून दिलं. रोव्हरचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनच्या कारखान्यात गेले असताना एक इंजिन तिथे जमिनीवर पडलेलं त्यांनी पाहिलं. त्यांनी चौकशी केली आणि १९६५ च्या सुरुवातीला रोव्हरने त्याचे हक्क मिळवले. ब्यूइकमधून निवृत्त होत असलेले जो टर्ली हे अभियंते ते इंग्लंडच्या हवापाण्याला जुळवून द्यायला मदतीला आले. अमेरिकेने टाकून दिलेलं ते इंजिन नंतर रेंज रोव्हरला मिळालं, मॉर्गनला मिळालं आणि जवळपास चाळीस वर्षं बनत राहिलं.

कॉस्टेलोने जे ओळखलं ते एवढंच: आठ सिलिंडरचं हे अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन एमजीबीच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनापेक्षा जड नव्हतं, उलट किंचित हलकंच होतं. म्हणजे एमजीसीत जे बिघडलं होतं ते इथे बिघडणारच नव्हतं. मूळच्या ९५ अश्वशक्तीच्या जागी दीडशेच्या आसपास ताकद, आणि गाडीचा तोल तसाच. एमजीची मालक असलेल्या ब्रिटिश लीलंडच्या वरिष्ठांनी त्याची गाडी मागवून पाहिली, आणि ऑगस्ट १९७३ मध्ये कंपनीची स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आली. कॉस्टेलोच्या बॉनेटवर फुगवटा होता. कंपनीच्या लोकांनी दोन्ही एसयू कार्बोरेटर इंजिनाच्या मागे, पडद्याच्या बाजूला नेऊन बसवले आणि मूळचंच सपाट बॉनेट कायम राखलं. रेडिएटर पुढे सरकवला, त्याला विजेवर चालणारे दोन पंखे दिले. रेंज रोव्हरच्या बेताच्या कॉम्प्रेशनचं इंजिन वापरल्यामुळे ताकद १३७ अश्वशक्तीच राहिली, तरी गाडी ताशी २०० किलोमीटरच्या घरात जाई. मोटारींच्या जगातल्या नीटस कामांपैकी हे एक आहे, असं मी कुठेही म्हणायला तयार आहे. बाहेरून काही कळत नाही. चालवली की कळतं.

गाडी आली आणि दोन महिन्यांत तेलाचं संकट उभं राहिलं. १९७६ मध्ये ती बंद झाली तेव्हा फक्त २,५९१ गाड्या बनल्या होत्या. उघड्या टपाची व्ही-८ तर कंपनीने त्या काळात विकायला काढलीच नाही. ती इच्छा लोकांनी आपापल्या गॅरेजांत पुरी करून घेतली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने डाय आणि साचे शोधून १९८८ पासून एमजीबीची सबंध नवी बॉडी बनवायला घेतली, आणि गंजून संपलेल्या गाड्यांना नवं आयुष्य मिळालं. त्याच बॉडीच्या आधाराने रोव्हरने १९९२ मध्ये ३.९ लिटरची एमजी आरव्ही-८ काढली. सुमारे दोन हजार गाड्यांपैकी बहुतेक जपानला गेल्या. कारखान्यानेच आपली जुनी गाडी मोठ्या इंजिनासह पुन्हा उभी केली, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला सापडणं कठीण.

इंजिनाची चर्चा रंगते, पण काम सुरू होतं ते पत्र्यापासून. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. तळ, बाजू आणि पडदे मिळून एकच पेटी तयार होते आणि तिची ताकद असते ती दाराखालच्या सिलमध्ये. हे सिल तीन थरांचं. बाहेरचा पत्रा आपल्याला दिसतो, आतला सीटच्या बाजूला येतो आणि दोघांच्या मध्ये उभा पडदा. पाणी आणि चिखल आत साठतो, गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगाला पहिला फोड येतो तोवर मधला पडदा चाळणी झालेला असतो. अननुभवी माणूस इथेच फसतो. गाडी जॅकवर चढवून तो सिल कापतो, आणि टप उघडा असलेल्या गाडीला वरून काहीच आधार नसल्यामुळे ती मध्ये खचते. नवं सिल वेल्ड होतं, रंग होतो, आणि मग दार लागत नाही. वरची फट मिटलेली असते, खालची रुंदावलेली असते. जाणता मिस्त्री कापण्याआधी दार बसवलेलंच ठेवतो, दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा आधार टाकतो, एकावेळी एकच बाजू घेतो आणि प्रत्येक टाक्यानंतर दार उघडून-लावून पाहतो. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन या सिलवरच्या ताणात आणखी भर घालणार असतं. म्हणून ज्या गाडीचं सिल धड नाही तिच्या बॉनेटखाली काय आहे हे विचारूच नये, असं माझं मत आहे.

पत्रा धड झाला की इंजिन उतरवून बघायचं. व्ही आकाराचं इंजिन रुंद; त्याच्या डाव्या-उजव्या अंगांनी एक्झॉस्टच्या नळ्या उतरतात आणि त्यातली एक बाजू हटकून स्टिअरिंगच्या दांड्याच्या वाटेत येते. नळी दांड्याला घासली तर धोका, नुसती जवळून गेली तरी तापून सांध्यातलं रबर आणि ग्रीस संपतं. कुणी नळ्या मागे वळवून नेतात, कुणी चाकांच्या आतल्या मडगार्डला भोक पाडून बाहेर काढतात आणि मग खाली घेतात. आरव्ही-८ मध्ये यातली दुसरी पद्धत होती. त्यानंतर गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, ब्रेकच्या जाड डिस्क, थंड ठेवण्याची सोय. मूळचे दांडीवाले शॉक अब्सॉर्बर तेल गाळू लागलेले असतात, ते बदलणं आलं. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत तर बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. आजचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचं तर बहुतेक वेळा आधी ते उलटं करावं लागतं. एक काम दुसऱ्याला जन्म देतं आणि ‘नुसतं इंजिन बदलू’ म्हणून सुरू केलेला घाट सबंध गाडीवर येऊन थांबतो.

हा सगळा उद्योग करणाऱ्यांत मतांची फारकत मोठी आहे. एका टोकाला मूळपणाचे कैवारी. त्यांच्या दृष्टीने ब्लॉकवरचा क्रमांक आणि कागदपत्रांतला क्रमांक जुळला पाहिजे, नटबोल्टही त्या काळचे हवेत. त्यांच्याही पुढे जाऊन काही जण म्हणतात की गाडीला हातच लावू नका. उडालेला रंग, फाटलेलं कातडं हाच तिचा दस्तऐवज. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिवाने, ट्युरिन सनद तयार केली ती इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर. तिचा गाभा असा की जे टिकवता येईल ते टिकवा, जो बदल कराल तो नोंदवा आणि शक्यतो असा करा की उद्या कुणाला तो काढून टाकता यावा. इंजिन बदलणाऱ्यांनी या सनदेकडे शत्रूचा कागद म्हणून पाहू नये. मला ती आपल्याच कामाची शिस्त वाटते. मूळचं इंजिन ग्रीस लावून, गुंडाळून कोपऱ्यात जपून ठेवलं, बॉडीच्या पेटीला कायमचं भोक पाडायचं टाळलं आणि काय काय बदललं याची वही ठेवली, तर पुढचा मालक गाडी पुन्हा १९६५ सालात नेऊ शकतो.

दुसऱ्या टोकाला आजचे मोठे कारागीर. लॉस एंजेलिसची सिंगर कंपनी रॉब डिकिन्सन या माजी रॉक गायकाने २००९ साली काढली. ते लोक १९८९ ते १९९४ या काळातली पोर्शे ९११ घेतात, तिच्यावर कार्बन फायबरचे भाग चढवून तिला आणखी जुन्या ९११ चं रूप देतात आणि हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन चार लिटरपर्यंत नेतात. विल्यम्स या फॉर्म्युला वनच्या मंडळींसोबत त्यांनी याच इंजिनातून ५०० अश्वशक्ती काढली. इंग्लंडमधली ईगल जॅग्वार ई-टाइपवर असंच काम करते. १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात अवतरलेली ती गाडी ३.८ लिटरची होती, ईगल तिचंच एक्सके इंजिन ४.७ लिटरचं करून देते. या दोघांचा मार्ग मला अधिक भावतो, कारण इंजिन त्याच कुळातलं राहतं. आवाज, फिरकी, स्वभाव ओळखीचा राहतो. एमजीबीच्या बाबतीत अ‍ॅबिंग्डनजवळच्याच फ्रंटलाइन या कंपनीने माझदाचं दोन लिटरचं इंजिन बसवून २१० च्या वर अश्वशक्ती मिळवली आहे. माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ काढली ती जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांवरच्या प्रेमातून, आणि आता माझदाचं इंजिन त्याच घरी आलं आहे. या गाड्यांच्या किमती मात्र सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. या पुस्तकात त्यांना आदराने जागा दिली आहे, पण पुस्तकाचा जीव घराच्या मागे शेडमध्ये सात-आठ वर्षं एका गाडीवर खपणाऱ्या माणसात आहे.

विजेवरच्या गाड्यांचं काय, हा प्रश्न आता टाळता येत नाही. जॅग्वारने २०१७ मध्ये ई-टाइपमधलं इंजिन काढून तिथे बॅटरी बसवली आणि मे २०१८ मध्ये प्रिन्स हॅरीच्या लग्नानंतर ती गाडी जगाने पाहिली. दिसायला सुरेखच. फिवा अशा गाडीला ऐतिहासिक वाहन मानायला तयार नाही. माझंही मन तिकडेच झुकतं. इंजिन बदलून मोठं घालणं आणि इंजिनच नसणं यात मला मोठं अंतर दिसतं. संग्रहातल्या एका लेखात मात्र याच्या अगदी उलट बाजू तळमळीने मांडली आहे, आणि ती आम्ही काटछाट न करता छापली आहे.

आपल्याकडे इंजिन बदलण्याची परंपरा काही कमी जुनी नाही. तिचं कारण वेगळं होतं. महाराष्ट्रात जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून देणारी गॅरेजं तालुक्याच्या गावीही होती, आणि लोकांनी इंजिनं बदलली ती वेगासाठी नव्हे, अ‍ॅव्हरेजसाठी. कारखान्यांनीही तेच केलं. कुर्ल्याच्या प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या बॉडीत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन घालून ११८ एनई काढली. अ‍ॅम्बेसेडरला १९९० च्या दशकात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं आणि पहिल्यांदाच ती गाडी घाटात मागच्या ट्रकांना मोकळा श्वास घेऊ देऊ लागली. ते काम करणारे मिस्त्री, पत्र्याच्या नुसत्या आवाजावरून पुट्टी किती जाड आहे ते सांगणारे टिंकर, क्रँक घासून देणारे आणि बुश ओतून देणारे कारागीर आता उतारवयाला लागले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी गाडीला निरोप दिला. तिला साठ वर्षं चालती ठेवणाऱ्या हातांबद्दल त्या मानाने फार थोडं छापून आलं, याची मला खंत आहे. कार्बोरेटरची सुई आणि जेट यांचा मेळ कानाने लावणं हे पुस्तकातून पूर्ण शिकता येत नाही, पण कुणीतरी ते लिहून ठेवायला हवं, आणि ते आत्ताच.

घाई करण्याचं दुसरं कारण पेट्रोल. शिसं गेलं तेव्हा जुन्या हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट झिजू लागल्या आणि कडक धातूच्या सीट बसवाव्या लागल्या. आपल्याकडे तो बदल २००० सालाच्या सुमारास झाला. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराच्या नळ्या आणि डायफ्रॅम फुगवतं, पाणी शोषून टाकीला आतून गंज आणतं, आणि जुन्या जेटच्या मापाने मिश्रण पातळ पडून इंजिन तापतं. म्हणजे ज्याला गाडी अगदी मूळ अवस्थेत ठेवायची आहे त्यालाही तिच्या पोटात हात घालावाच लागणार आहे. संपूर्ण मूळपणा हा पर्याय रस्त्यावर चालणाऱ्या गाडीपुरता आता उरलेला नाही, आणि मूळपणाच्या कैवाऱ्यांशी बोलताना मी हा मुद्दा नेहमी पुढे करतो.

भारतातल्या वाचकाला कायद्याची चौकट माहीत असलीच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही; इंधनाचा प्रकार बदलणाऱ्या मान्य किटला तेवढी मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली ती मूळ स्वरूपात राखलेल्या, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना. तिथेही अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापरासाठी नाही. थोडक्यात, कॉस्टेलोने इंग्लंडमधल्या केंटमध्ये जे केलं ते आज पुण्यात किंवा पणजीत करून गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. हा नियम बदलावा, तपासणी आणि नोंद यांच्या अटीवर चांगल्या कामाला वाट मिळावी, असं मला मनापासून वाटतं. पुण्याच्या टेकडीवर एआरएआयसारखी वाहनांची कसून तपासणी करणारी संस्था असताना हे अशक्य नाही. पण नियम आहे तोवर तो पाळायचा. त्याला बगल देण्याच्या युक्त्या या पुस्तकात सापडणार नाहीत.

पुस्तकाची रचना त्यामुळेच तीन भागांत झाली. पहिल्या भागात गाड्यांची आणि माणसांची चरित्रं आहेत. दुसरा भाग कामाचा: पत्रा, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग, आणि परदेशात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना इंजिन बदलण्याची मुभा आहे त्यांच्यासाठी जुळणीचे तपशील. घाईत वाचणाऱ्याने दुसऱ्या भागातला ब्रेकवरचा लेख तरी सोडू नये. ताकद वाढवणाऱ्यांच्या यादीत ब्रेक नेहमी शेवटी येतात आणि ते आधी यायला हवेत. तिसरा भाग भारतात राहणाऱ्यांसाठी आहे. ब्लॉक तोच, क्रमांक तोच, नोंदणी तीच ठेवून इंजिन किती उत्तम बांधता येतं याचा त्यात विचार आहे. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड ग्रॅमच्या हिशेबाने सारख्या वजनाचे करणं, क्रँक आणि फ्लायव्हील एकत्र बॅलन्स करून घेणं, हेडची पोर्ट घासून गुळगुळीत करणं, व्हॉल्व्ह सीट नव्या करणं, रेडिएटरची जाळी दाट करून घेणं. यातलं बहुतेक काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यातल्या एखाद्या चांगल्या मशीन शॉपमध्ये होऊ शकतं. एमजीए आणि अ‍ॅम्बेसेडर एकाच घराण्यातल्या असल्यामुळे त्या भागातली पुष्कळशी मापं दोघींना लागू पडतात. ज्याच्या दारात अ‍ॅम्बेसेडर उभी आहे त्याने वाचनाला तिथूनच सुरुवात केली तरी काही अडणार नाही.